मनाच्या आजारात घरची शुश्रूषा

घरात कोणाला ताप आला म्हणजे काय करावे, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही. आजी कपाळावर ओल्या फडक्याची पट्टी ठेवते, आई मऊ भात करते, शेजारीण दारातून विचारपूस करून जाते. पण त्याच घरातला बावीस वर्षांचा पोरगा रात्र-रात्र जागा राहू लागला, एकटाच पुटपुटू लागला, आंघोळ नको, जेवण नको असे म्हणू लागला, की सारे घर गप्प होते. दार लोटले जाते. पाहुणा आला तर ‘तो वावरात गेला’ असे सांगतात. तापाची शुश्रूषा आपल्याला येते, मनाच्या आजाराची येत नाही. ती शिकता येते काय? येते. आजचे हे भाषण त्यासाठीच आहे.

‘शुश्रूषा’ हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्याचा मूळ अर्थ क्वचितच कोणाला आठवतो. संस्कृतात ‘श्रु’ म्हणजे ऐकणे, आणि शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. पुढे तिचा अर्थ सेवा असा झाला. शरीराच्या दुखण्यात पट्टी, मलम, काढा यांनी काम भागते. मनाच्या दुखण्यात मात्र या शब्दाचा मूळ अर्थच उपयोगी पडतो. ज्याला ऐकण्याची इच्छा आहे तो निम्मा परिचारक झालाच. राहिलेले निम्मे काय, ते आता पाहू.

प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावी. मनाचा आजार हा आजारच आहे. तो पाप नव्हे, आळस नव्हे, आईबापांच्या वळणाचा दोष नव्हे. त्याचे प्रकार अनेक आहेत. कोणाला महिनोन्महिने उदास वाटते, कशातच गोडी राहत नाही. याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. कोणाला नसलेले आवाज ऐकू येतात, लोक आपल्या वाईटावर आहेत असे वाटते. तो छिन्नमनस्कतेचा म्हणजे स्किझोफ्रेनियाचा आजार असू शकतो. कोणी काही दिवस झोपेवाचून उत्साहाने उधळतो आणि मग खोल उदासीत बुडतो. हे आजार दुर्मिळ आहेत असेही समजू नका. देशातील बारा राज्यांत २०१५-१६ साली मोठी पाहणी झाली. तीत १०० प्रौढ माणसांमागे सुमारे दहा-अकरा जणांना त्या वेळी मनाचा कोणता ना कोणता आजार होता असे आढळले, आणि त्यांतील बहुतेकांना उपचार मिळत नव्हते. म्हणजे तुमच्या गावात हा आजार आहेच; फक्त तो दाराआड आहे.

पूर्वी या आजाराला एकच वाट ठाऊक होती, ती म्हणजे उंच भिंतींचे इस्पितळ. आपल्या विदर्भात नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालापासून आहे. आत गेलेला माणूस पुष्कळदा आतच म्हातारा होई. १९५२ नंतर मनाच्या आजारावर गुणकारी औषधे मिळू लागली आणि चित्र पालटले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक धाडस केले. रोग्यांच्या नातेवाइकांना त्यांनी इस्पितळाच्या आवारात तंबू ठोकून रोग्यासोबत राहू दिले. आई, भाऊ, बायको यांनी रोग्याला बरे होताना डोळ्यांनी पाहिले, त्याच्याशी कसे वागावे ते शिकून घेतले, आणि त्याला घेऊन घरी गेले. भीती गेली, घर पुन्हा घर झाले. या प्रयोगाने एक गोष्ट दाखवून दिली. नातेवाईक हा अडथळा नव्हे; त्याला नीट समजावून दिले तर तोच सर्वांत चांगला परिचारक होतो.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. कापसाचा आणि कोरडवाहू शेतीचा हा यवतमाळ जिल्हा. पाऊस हुकला, बोंडअळी पडली, भाव कोसळला, की कर्जाचे ओझे माणसाच्या छातीवर बसते. या जिल्ह्याचे नाव गेली वीस-पंचवीस वर्षे शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे साऱ्या देशात घेतले जाते. २०१५ साली राज्य सरकारने ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यात यवतमाळ आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, हे जिल्हेही होते. खचलेल्या शेतकऱ्याला वेळीच ओळखावे, त्याच्याशी बोलावे, औषधाची गरज असेल तर डॉक्टरकडे पोचवावे, हा त्यामागचा विचार. कोणी म्हणेल, ‘ऐकून घेतल्यानं कर्ज फिटते का जी?’ प्रश्न रास्त आहे. ऐकून घेतल्याने कर्ज फिटत नाही. कर्जाला भाव, पाणी आणि पीकविमा हेच उत्तर. पण माणूस जिवंत राहिला तर कर्जाशी झुंजता येते, आणि रात्री कोणाशी दोन शब्द बोलता आले तर पुष्कळदा ती रात्र टळते.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात तीस गावांमध्ये असेच काम झाले. गावातल्याच माणसांना शिकवून तयार केले. त्यांनी घरोघर जाऊन डिप्रेशनविषयी लोकांना समजावले आणि आधार दिला. कामाआधी या आजाराच्या दर १०० माणसांत जेमतेम चार जण मदत घेत होते. दीड वर्षानंतर ती संख्या २७ झाली. हे काम करणारे मोठे डॉक्टर नव्हते, तुमच्या-आमच्यासारखीच गावची माणसे होती.

तर मग घरी करायचे काय? मी एकेक गोष्ट सांगतो.

पहिली गोष्ट, ऐकावे कसे. रोग्याजवळ बसावे, उभे राहून बोलू नये. आवाज खाली ठेवावा. त्याला घरच्या बोलीत विचारावे. कोलामी, गोंडी, गोरमाटी, वऱ्हाडी, ज्या बोलीत तो लहानाचा मोठा झाला त्या बोलीत. मनाचे दुखणे परक्या भाषेत सांगता येत नाही. ‘काहून बसला असा? कामाले लाग, डोकं ठिकाणावर येते,’ असे म्हणू नये. उदास माणसाला काम करावेसे वाटत नाही हाच तर त्याचा आजार. मोडल्या पायाच्या माणसाला आपण ‘पळ’ म्हणतो का? त्यापेक्षा ‘लई जड वाटून रायलं का? सांग, मी ऐकतो,’ एवढे पुरे. तो बोलला नाही तरी चालेल. मुकाट्याने शेजारी बसणे हीसुद्धा शुश्रूषा आहे.

रोग्याला भलतेच काही दिसत किंवा ऐकू येत असेल तर घरचे लोक दोन चुका करतात. एक तर त्याच्याशी वाद घालतात, ‘काही नाही तिथं, उगाच बडबडू नको.’ नाहीतर त्याची समजूत राखायला होला हो करतात. दोन्ही टाळावे. आईने म्हणावे, ‘बाबू, मले तिथं कोणी दिसत नाही. पण तुले भेव वाटून रायलं हे मले समजते. मी हावो तुह्यापाशी.’ यात खोटे काही नाही, आणि त्याची भीतीही नाकारलेली नाही. परिचारिकांच्या शिक्षणात हे वर्षानुवर्षे शिकवतात, पण आई ते एका संध्याकाळी शिकू शकते.

दुसरी गोष्ट, लक्ष ठेवावे. तापात आपण अंगाला हात लावून पाहतो. इथे झोप, भूक, आंघोळ आणि बोलणे या चार गोष्टी पाहाव्यात. एक चाळीस पानी वही करावी. रोज दोन ओळी लिहाव्या: किती झोपला, काय जेवला, गोळी घेतली का, काही नवे घडले का. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून लिहून घ्यावे. डॉक्टरसमोर पाच मिनिटांत सगळे आठवत नाही. ती वही डॉक्टरला फार उपयोगी पडते.

तिसरी गोष्ट, दिवसाला वळण द्यावे. उठण्याची, आंघोळीची, जेवणाची, झोपण्याची वेळ ठरलेली असावी. काम लहान द्यावे आणि त्याला झेपेल असे द्यावे: शेळीला चारा टाकणे, तुरीच्या शेंगा सोलणे, पोळ्याला बैलाची शिंगे रंगवणे. झाले तर बरे म्हणावे, नाही झाले तर टाकून बोलू नये. आणि त्याचे सगळे आपणच करून त्याला पांगळेही करू नये. जे त्याला जमते ते त्यालाच करू द्यावे. वेळ लागला तर लागू द्या.

चौथी गोष्ट औषधाची. येथेच सर्वांत जास्त घरे चुकतात. डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण दोन ते चार आठवड्यांनी दिसू लागतो. आठ दिवसांत फरक नाही म्हणून कोणी गोळ्या टाकून देतात. तर कोणी दोन महिन्यांत बरे वाटले म्हणून बंद करतात, आणि आजार उलटतो. गोळी सुरू करणे आणि बंद करणे हे डॉक्टरचे काम, देणे आणि आठवण ठेवणे हे घरचे. गोळ्यांचा डबा घरच्या जबाबदार माणसापाशी असावा. हात कापणे, मान आखडणे, फार झापड येणे असे काही दिसले तर गोळी परस्पर बंद न करता डॉक्टरला सांगावे. मात्रा किंवा औषध बदलता येते. कोणाला लिथियम नावाची गोळी असेल तर रक्ताची तपासणी चुकवू नये. आपल्याकडचे वैशाखातले ऊन तुम्हाला ठाऊक आहे. घाम फार गेला, पाणी कमी पडले किंवा हगवण लागली, तर हीच गोळी अंगात साचून अपाय करते. मनाच्या इतरही काही औषधांनी माणसाला ऊन सोसत नाही. म्हणून या रोग्याला भर उन्हात कामाला लावू नये, आणि पाणी पुरेसे पाजावे. गोळ्यांवर दारू तर मुळीच नको.

पाचवी गोष्ट जिवाच्या रक्षणाची. ही विशेष लक्ष देऊन ऐका. माणूस निरवानिरव करू लागला, ‘माह्यामागं पोरायले पाहा’ असे म्हणू लागला, आवडती वस्तू देऊन टाकू लागला, किंवा फार दिवसांच्या उदासीनंतर एकाएकी शांत झाला, तर सावध व्हावे. त्याला सरळ विचारावे, ‘दादा, जीव नकोसा वाटते का? मरून जावं असं मनात येते का?’ पुष्कळांना वाटते, विचारल्याने तो विचार त्याच्या डोक्यात शिरेल. तसे होत नाही. उलट कोणीतरी विचारले म्हणून त्याला हलके वाटते. तो ‘हो’ म्हणाला तर रागावू नये, शपथा घालू नयेत. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आपल्या घरात मरणाचे साधन फार जवळ असते. फवारणीच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो आणि ते माजघरात खाटेखाली ठेवतो. मरण्याची लाट पुष्कळदा थोड्या वेळाची असते. तेवढ्या वेळात विष हाताशी नसले तर माणूस वाचतो. म्हणून फवारणीचे डबे घरात ठेवूच नयेत. ठेवणे भाग असेल तर कुलपात ठेवावे आणि किल्ली दुसऱ्याकडे असावी. कोणी विष घेतलेच, तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. ते श्वासनळीत जाऊन जीव जाऊ शकतो. त्याला कुशीवर निजवा, विष सांडलेले कपडे काढा, अंग पाण्याने धुवा. पण त्यापायी दवाखान्याला उशीर नको. १०८ क्रमांकावर गाडी बोलवा आणि विषाचा डबा सोबत न्या. पोलिसांच्या भीतीने डॉक्टरपासून काही लपवू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असे मानले आहे की, आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता. एरवी त्याला त्यासाठी शिक्षा होत नाही. उलट त्याची काळजी घेणे हे सरकारचे कर्तव्य आहे.

सहावी गोष्ट. रोगी कधी खवळला तर काय करावे? गर्दी हटवावी. एकानेच बोलावे, हळू बोलावे. विळा, कुऱ्हाड, काठी बाजूला सरकवावी. त्याच्या अंगावर जाऊ नये, त्याची वाट अडवू नये, आपलीही वाट मोकळी ठेवावी. बहुतेक वेळा तो भ्यालेला असतो, म्हणून ओरडतो. आवरत नसेल तर दवाखान्याची मदत घ्यावी. पण साखळीने बांधू नये. बांधलेल्या माणसाचा आजार बरा होत नाही. त्याच्या पायाला जखमा होतात आणि मनातला विश्वास जातो. साखळदंडाला कायद्यानेही मनाई आहे.

आता भगताविषयी दोन शब्द. ‘बाहेरचं आहे’ असे म्हणून घरचे लोक आधी भगताकडे जातात. तुमच्या श्रद्धेला मी हात लावत नाही. देवाला नारळ फोडायचा तर फोडा, दर्ग्यावर जायचे तर जा. त्याने मनाला धीर येत असेल तर चांगलेच आहे. पण दोन अटी पाळा. गोळी थांबवायची नाही, आणि रोग्याच्या अंगाला कोणी हात लावायचा नाही. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणे, बांधणे, चटके देणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने महाराष्ट्रात गुन्हा आहे.

सातवी गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. शुश्रूषा करणाऱ्याचीही शुश्रूषा लागते. आपल्या घरांत हे काम बहुधा आईवर किंवा बायकोवर पडते. ती दिवसा कापूस वेचते, रात्री रोग्यापाशी जागते, आणि वर लोकांची बोलणी खाते. काही महिन्यांत तीच आजारी पडते. म्हणून पाळ्या लावाव्यात. दिराने आठवड्यातून दोन रात्री बसावे, बहिणीने चार दिवस येऊन राहावे. शेजाऱ्यांनी, काही नाही तरी, एका वेळची भाजीभाकर पोचवावी. ताप आलेल्या घरी आपण जातो तसे याही घरी जावे.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याकडे एक वेगळे काम आहे. वर्गातला बोलका मुलगा महिनाभर मुका झाला, हुशार मुलीचे अक्षर आणि गुण एकाएकी उतरले, कोणी सारखे पोट दुखते म्हणून घरी जाऊ लागले, तर छडी किंवा शेरा हे त्याचे उत्तर नव्हे. मधल्या सुट्टीत त्याला बाजूला बोलावून विचारा, ‘घरी सगळं ठीक आहे ना?’ त्याच्या घरी कोणी आजारी असेल, बाप खचला असेल, तर ते तुम्हाला सर्वांआधी कळेल. वर्गात ‘येडा’, ‘मेंटल’ हे शब्द कोणी हसण्यावारी वापरले तर तिथेच थांबवा. आणि निकालाच्या दिवशी नापास झालेल्या मुलांची नावे मनात ठेवून संध्याकाळी त्यांच्या घरावरून एक फेरी मारा. गावात तुमच्या शब्दाला वजन आहे. ‘हा आजार आहे, याला औषध आहे,’ असे गुरुजी ग्रामसभेत एकदा म्हणाले, तर दहा दारे उघडतील.

मदत कोठे मिळेल? आधी गावच्या आशाताईला सांगा. नंतर प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय. जिल्ह्याच्या गावी वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे. झरी-जामणी किंवा उमरखेडकडून यवतमाळला येणे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, हे मला ठाऊक आहे. म्हणून फोनची सोय लक्षात ठेवा. १४४१६ हा ‘टेलिमानस’चा क्रमांक २०२२ च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. दिवसा-रात्री केव्हाही लावा, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. रोग्यानेच फोन करावा असे नाही. आई, भाऊ, शिक्षक, कोणीही विचारू शकतो. हा क्रमांक शाळेच्या फळ्यावर, कृषी केंद्राच्या दुकानात आणि चावडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. विषाचा डबा जिथे विकला जातो तिथे तो आधी असावा.

श्रोतेहो, मनाचे सर्व आजार पूर्ण बरे होतात असे मी म्हणणार नाही. काही बरे होतात, काही मधुमेहासारखे आटोक्यात ठेवावे लागतात. पण ज्याला घर मिळाले, गोळी वेळेवर मिळाली आणि कोणीतरी ऐकून घेणारे मिळाले, असे कितीतरी जण पुन्हा वखर धरतात, पुन्हा चुलीपाशी बसून हसतात. तुमच्या गल्लीत एखादे दार बरेच दिवस लोटलेले असेल. ते कोणाचे, हे तुम्हाला मी सांगायला नको. उद्या सकाळी तिकडून जाताना कडी वाजवा, ‘कसं हाय जी?’ एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.